टेबलावरचं कासव आणि ब्रिस्टलचा स्टुडिओ

स्टॉप मोशनच्या फिल्म कितीही बघितल्या तरी स्टॉप मोशन येत नाही. बघताना सगळं सोपं वाटतं: बाहुली जराशी हलवा, फोटो काढा, परत हलवा. म्हणून मी वेगळाच घाट घातला. आर्डमन या ब्रिटिश स्टुडिओचं काम ज्या क्रमाने लोकांसमोर आलं, साधारण त्याच क्रमाने बघायचं आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांनी केलेली एखादी गोष्ट स्वतःच्या टेबलावर करून बघायची. त्यातून शेवटी एखादी मिनिटभराची फिल्म निघालीच, तर दुधात साखर.

आर्डमनच का? एक तर त्यांचं पन्नास वर्षांचं काम आजही बघायला मिळतं. दुसरं म्हणजे या स्टुडिओची सुरुवात खरोखरच टेबलावर झाली. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन हे शाळेपासूनचे दोस्त. बीबीसीवर कर्णबधिर मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेला ‘व्हिजन ऑन’ नावाचा कार्यक्रम लागायचा, त्याला त्यांनी एक छोटा तुकडा विकला. त्यातला बावळट सुपरहीरो म्हणजे आर्डमन, आणि १९७२ साली कंपनीला नाव दिलं तेही त्याचंच. गंमत म्हणजे हा आर्डमन प्लॅस्टिसीनचा, म्हणजे खेळण्याच्या मऊ मातीचा, नव्हताच, साधा रेखाटलेला होता. १९७६ मध्ये दोघांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात बस्तान हलवलं, आणि १९७७ मध्ये ‘टेक हार्ट’ या चित्रकलेच्या कार्यक्रमात मॉर्फ आला: विटकरी रंगाचा, ना कपडे ना केस, कार्यक्रम सादर करणाऱ्या टोनी हार्टच्या टेबलावर लुडबुडणारा.

मॉर्फ बघून वाटलं, यात काय आहे! एक गोळा घ्यायचा, दोन हात, दोन पाय, एक डोकं. मी केला. उभा राहिला. पहिलं पाऊल उचलायला एक पाय वर घेतला आणि स्वारी तोंडावर. आत तारेचा सांगाडा घातला, पाय टाचणीने बोर्डाला खिळवले, तेव्हा कुठे तो चालायला लागला. पण ते चालणं बघून कुणालाही त्याला आधी खुर्ची द्यावीशी वाटली असती. मग मॉर्फचे जुने भाग पुन्हा लावले, या वेळी एकेक फ्रेम पुढे सरकवत. तो कितीतरी वेळा चालतच नाही! अंगाची गुंडाळी करतो, घरंगळत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे परत उभा राहतो. पडद्यावर ही त्याची जादू दिसते. टेबलाशी बसलेल्याला दिसतं की यात चालण्याची कटकटच निकालात निघाली आहे. पुढे प्रत्येक टप्प्यावर मला हेच दिसत गेलं. ज्याला आपण आर्डमनची शैली म्हणतो, त्यातलं पुष्कळसं आधी कुणाच्या तरी टेबलावर अडलेलं काम होतं.

गुंडाळीचा प्रयोग छान जमला. फिल्ममधलं पात्र चालणारं नको, हे तेव्हाच ठरलं. कासव घेऊ म्हटलं. पाय कवचाखाली, तोल जायची भीती नाही, आणि कासवाच्या चालण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

आता कासव बोलणार काय? इथे आर्डमनचा दुसरा धडा. मुलांसाठी मॉर्फ चालू असतानाच लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन खऱ्या माणसांची खरी बोलणी रेकॉर्ड करून त्यावर प्लॅस्टिसीनची माणसं हलवत होते. ‘डाउन अँड आउट’साठी त्यांनी बेघरांच्या एका वसतिगृहातलं संभाषण घेतलं होतं. पुढे चॅनल फोरसाठी याच पद्धतीची एक मालिका झाली, आणि १९८९ मध्ये स्टुडिओतल्याच निक पार्क या दिग्दर्शकाने या सगळ्याला एक कलाटणी दिली. ‘क्रीचर कम्फर्ट्स’मध्ये त्याने लोकांना त्यांच्या राहत्या जागेबद्दल, जेवणाबद्दल, हवेबद्दल बोलतं केलं आणि ते आवाज प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातले. थंड, ओल्या इंग्लंडला वैतागलेला ब्राझीलचा एक तरुण तिथे पिंजऱ्यातला जग्वार झाला. या पाच मिनिटांच्या फिल्मला ऑस्कर मिळालं, आणि त्या वर्षी तिच्यासमोर नामांकनात निक पार्कचीच दुसरी फिल्म होती, ‘अ ग्रँड डे आउट’.

मी मावशीला गाठलं. ती नुकतीच नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. माझा एक मित्र साउंडचं काम करतो, तो रेकॉर्डर घेऊन आला आणि जाताजाता मला तंबी देऊन गेला, “प्रश्न विचारून गप्प बस. तू ‘हो ना, हो ना’ केलंस की तुझा आवाज तिच्या आवाजात मिसळेल, मग मला सांगू नकोस काढायला.” गप्प बसणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत अवघड काम असावं. पण मावशी खुलली. जागा ऐसपैस आहे, तक्रार नाही, असं म्हणून तिने तक्रारींची अशी काही रास लावली की बस! त्यात लिफ्टवर भलंमोठं प्रवचन होतं. मला त्यातली फक्त काही वाक्यं हवी होती: “हवा येते हो भरपूर. पण आता हवेकडे बघत किती वेळ बसणार माणूस?” हे वाक्य ऐकताना काचेच्या टाकीतलं कासव डोळ्यांसमोर उभं राहिलं.

लिप सिंकचं, म्हणजे आवाजाबरहुकूम तोंड हलवण्याचं सांगते, कारण इथे मी सर्वाधिक रमले. आवाज आधी पूर्ण कापून घ्यायचा, मग डोप शीट. म्हणजे एक लांबलचक तक्ता: प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, आणि त्यापुढे त्या क्षणी कोणता उच्चार चालू आहे ते. सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक पोझ दोन फ्रेम धरली तर सेकंदाला १२ पोझ. दर पोझला तोंड मातीतून नव्याने घडवत बसलं तर चेहरा दहा मिनिटांत लोळागोळा होतो, म्हणून तोंडांचे सुटे नग आधीच करून ठेवतात आणि हवा तो नग चेहऱ्यावर बसवतात. आर्डमनमध्येही वॉलेसचं, म्हणजे निक पार्कच्या ‘अ ग्रँड डे आउट’मधल्या नायकाचं, बोलणं असंच होतं.

तोंडांचे जे तयार तक्ते मिळतात, ते इंग्रजीसाठी बनवलेले असतात. मावशीच्या बोलण्याला ते पुरेनात. मी आरसा समोर ठेवून तिची वाक्यं म्हणत बसले. प, फ, ब, म यांना ओठ मिटलेले हवेत, आणि हे एक चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही बघणाऱ्याला खटकतं. ‘आ’ला मोठं तोंड, ‘ओ’ आणि ‘ऊ’ला चंबू, ‘ई’ आणि ‘ए’ला ताणलेले ओठ. ‘व’ला खालचा ओठ दातांकडे जातो. त, द, न, ल यांना जिभेचं टोक दिसलं पाहिजे. ‘ळ’ला मात्र जीभ मागे वळते, बाहेरून काही दिसत नाही, तिथे मागच्याच स्वराचं तोंड चालवून घेतलं आणि कुणाला काही कळलं नाही. “भरपूर” हा एक शब्द घ्या. ‘भ’ला मिटलेले ओठ, लगेच थोडे उघडे, ‘पू’ला परत मिटून चंबू, आणि ‘र’ला सैल. मावशी तो शब्द ओढून म्हणते, त्यामुळे चंबू बराच वेळ धरावा लागला आणि कासवाला एकदम स्वभाव आला! मिटलेले ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आले तर बोलणं जास्त खरं वाटतं, हे आधी वाचलं होतं. करून बघितल्यावरच पटलं.

वॉलेसच्या तोंडाची गोष्ट अशीच आहे. निक पार्कने ‘अ ग्रँड डे आउट’ फिल्म स्कूलमध्ये असताना, १९८२ च्या सुमारास सुरू केली. पीटर सॅलिस या नटाने वॉलेसचा आवाज दिला. तो ‘चीज’ हा शब्द ज्या लांबणीने म्हणायचा, त्यावरून वॉलेसचं ते कानापर्यंत फाकणारं तोंड घडत गेलं. पार्क १९८५ मध्ये आर्डमनमध्ये आला आणि फिल्म पुरी झाली १९८९ मध्ये. मधल्या काळात स्टुडिओचा गाडा जाहिराती ओढत होत्या. लोण्याच्या जाहिरातीतला तो छोटा माणूसही त्यांचाच. १९८६ च्या पीटर गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ गाण्याच्या व्हिडिओतही आर्डमनचा मोठा हात होता, आणि त्यात नाचणाऱ्या बिनमुंडीच्या कोंबड्या पार्कने हलवल्या आहेत.

वॉलेसचा कुत्रा ग्रॉमिट, त्याला तोंड नाही. आधी त्याला बोलतं करायचा विचार होता, पण शूटिंग सुरू झाल्यावर पार्कच्या लक्षात आलं की नुसत्या भुवया हलवल्या तरी सगळं पोचतं. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती आणि प्रत्येक वेळी ती मला जरा जास्तच गोड वाटली होती. मग कासवाच्या टाकीबाहेर बसून त्याचं ऐकणारी एक गोगलगाय केली. तिलाही तोंड दिलं नाही, कारण तोंडं करून माझी बोटं कामातून गेली होती. दोन तारांवर दोन पांढरे मणी, मण्यांना टाचणीचं भोक, भोकाभोवती काळा ठिपका. भोकात टाचणी खुपसून मणी फिरवला की नजर फिरते. पापणी म्हणजे मातीची पातळ चकती. मिटायला दोन पोझ, मिटलेली एक पोझ, उघडायला तीन. उघडायला जास्त, कारण तेवढ्याने ती कंटाळलेली वाटते. उलट केलं तर दचकलेली वाटते. कासव “हवेकडे बघत” म्हणतं तेव्हा गोगलगाईची नजर हळूच वर जाते आणि कुठेच काही नाही म्हणून परत खाली येते. अख्ख्या फिल्ममध्ये लोक हसतात ते इथेच. कासवाच्या तोंडावर घेतलेली एवढी मेहनत, आणि टाळी गोगलगाईला.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याचं सगळं मॅन्युअलवर ठेवायचं: फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स. एक जरी ऑटोवर राहिलं तरी फिल्म लुकलुकते. खिडकी काळ्या कापडाने बंद करायची. आपण गडद कपडे घालायचे, नाहीतर पांढऱ्या शर्टाचा उजेड पात्रावर पडतो आणि तो दर फोटोत वेगळा असतो. पांढऱ्या मातीचं काम सकाळी, हात स्वच्छ असताना.

ठशांचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. प्रत्येक पोझनंतर मातीवर बोटांचे ठसे उमटतात आणि फिल्म चालू झाली की पृष्ठभाग उकळत असल्यासारखा हलतो. सुरुवातीला मी दर वेळी ब्रशने गुळगुळीत करत होते आणि दिवसाकाठी हातात जेमतेम काहीतरी पडत होतं. आर्डमनच्या फिल्म थांबवून बघा, वॉलेसच्या गालावर अंगठ्याचा ठसा सापडतो. मोठं बजेट आल्यावरही त्यांनी ते ठसे पुरते पुसले नाहीत. मी मधला मार्ग काढला: डोळ्यांभोवती स्वच्छ, कवचावर काय वाटेल ते. कवच उकळतं, आणि ते छान दिसतं.

‘द राँग ट्राउझर्स’ला, म्हणजे १९९३ ला येईपर्यंत मी थोडी धीट झाले होते. त्यातला खेळण्यातल्या आगगाडीचा पाठलाग मला आजही पूर्ण अॅनिमेशनमधला सर्वांत चोख बांधलेला प्रसंग वाटतो. फेदर्स मॅकग्रॉ हा पेंग्विन खलनायक स्टीव्ह बॉक्सने हलवला आहे. त्याला तोंड नाही, भुवया नाहीत. दोन काळे मणी, एवढंच. ग्रॉमिटला निदान कपाळ तरी होतं! आणि वेग? स्टॉप मोशनमध्ये प्रत्येक फोटो स्थिर वस्तूचा असतो, म्हणून वेगवान हालचाल तुटक दिसते. त्यांनी शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि तेवढ्यात गाडी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र सरकवले. गाडी आणि कॅमेरा एकमेकांच्या हिशोबाने जागच्या जागी, त्यामुळे गाडी स्पष्ट. मागचा भिंतीचा कागद मात्र फराटा होऊन पळतो.

हे करून बघितल्याशिवाय मला राहवलं नसतं. एक फळी घेतली, एका टोकाला कॅमेरा घट्ट बसवला, दुसऱ्या टोकाला गोगलगाय. मागे नक्षीचा कागद लावलेला लांब पुठ्ठा. शटर दोन सेकंद उघडं, आणि तेवढ्या वेळात फळी हळूहळू दोन बोटं ओढायची. पहिल्या फोटोत गोगलगाय पण पुसट आली, कारण ओढताना तिचे डोळे थरथरले. तारेऐवजी जाड टोचे घातले. फळीखाली मेणबत्ती घासली. मग जो फोटो आला, त्यात गोगलगाय स्वच्छ, शांत, अगदी पासपोर्टला चालेल अशी, आणि मागची भिंत वाऱ्यासारखी. सगळे फोटो जोडल्यावर सुसाट धावणारी गोगलगाय तयार झाली. कथेत तिला धावायचं काही कारण नव्हतं. मी कारण तयार केलं: कासव लिफ्टबद्दल बोलायला तोंड उघडतं आणि गोगलगाय पळ काढते. असं केल्याने ते लांबलचक प्रवचनही कापता आलं.

यापुढचा आर्डमनचा इतिहास माझ्या टेबलावर मावणारा नाही, त्यामुळे तो नुसता बघितला. ‘अ क्लोज शेव्ह’ (१९९५) ला ऑस्कर, त्यात शॉन नावाच्या मेंढीची पहिली ओळख. मग ड्रीमवर्क्स या अमेरिकन स्टुडिओबरोबर ‘चिकन रन’ (२०००). त्यातल्या कोंबड्यांच्या गळ्यातले स्कार्फ आणि माळा बघून ठेवा: सिलिकॉनचं अंग आणि प्लॅस्टिसीनचं डोकं यांचा सांधा तिथे दडलाय. कासवाच्या मानेचा सांधा लपवायला मी मफलर घातला तो तिथूनच ढापलेला. २००५ मध्ये वॉलेस-ग्रॉमिटची मोठी फिल्म आली, ‘द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’. ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असतानाच ब्रिस्टलमधलं आर्डमनचं गोदाम जळालं, आणि जुने सेट, पात्रं, साठवलेलं बरंच काही गेलं. त्याच सुमारास काश्मीर-पाकिस्तानात मोठा भूकंप झाला होता. पार्क म्हणाला की जगात चाललेल्या दुःखापुढे हे फार मोठं नाही. ती फिल्म पुढे ऑस्कर घेऊन आली.

‘फ्लश्ड अवे’ (२००६) मला आवडत नाही. गटारातली गोष्ट, सगळीकडे पाणी, आणि प्लॅस्टिसीनला पाणी सोसत नाही, म्हणून ती कॉम्प्युटरवर केली. पात्रांची तोंडं मात्र मातीच्या नगांसारखीच ठेवली. म्हणजे अडचण गेली, पण तिच्यामुळे आलेली लकब राहिली, आणि ती उसनी दिसते. विनोदही घाईघाईने एकावर एक येऊन आदळतात. पुढच्याच वर्षी ड्रीमवर्क्सशी काडीमोड झाला. त्यानंतर ‘शॉन द शीप’ची मालिका आली, जिच्यात कुणीच बोलत नाही, आणि २०१५ ची शॉनची मोठी फिल्मही शब्दांवाचून चालते. डबिंगचा खर्च नाही, जगात कुठेही दाखवा. मला ती ‘फ्लश्ड अवे’पेक्षा दसपट आर्डमनची वाटते.

स्वतंत्र स्टुडिओ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला शूटिंग करताना सारखा पडायचा, कारण माझ्या टेबलावर उशीर झाला म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. चांगल्या दिवशी अॅनिमेटरच्या हातून एक-दोन सेकंदांची फिल्म होते. एवढ्या गतीचं काम करायचं तर पैसा देणाऱ्याला ती गती मान्य असावी लागते, किंवा मग मालकी आपल्याकडे हवी. २०१८ मध्ये लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी कंपनीचा ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिला. बड्या कंपनीला विकून मोकळं होणं त्यांना सहज शक्य होतं. त्यानंतरची ‘व्हेंजन्स मोस्ट फाउल’ २०२४ च्या नाताळात बीबीसीवर लागली आणि फेदर्स मॅकग्रॉ परत आला. तोच निर्विकार चेहरा, तेच मणी. पीटर सॅलिस २०१७ मध्ये गेले, त्यामुळे वॉलेसचा आवाज बेन व्हाइटहेडचा आहे. मी डोळे मिटून दोघांचे आवाज लागोपाठ ऐकले. फरक कळतो, पण शोधला तरच.

आमच्या फिल्मचं साउंड मित्राने केलं. टाकीचा बुडबुडा, काचेवर कवच घासल्याचा आवाज, गोगलगाईच्या पळण्याला ओल्या स्पंजाचा चरचराट. चित्र पुसट असलं तरी खपून जातं, आवाज खोटा वाटला की मात्र कासव परत मातीचं होतं, असं त्याचं म्हणणं. स्पंजाच्या आवाजानंतर मला ते मान्य करावं लागलं. एका ठिकाणी कासवाची मान ज्या फ्रेमला थांबते त्याच्या पुढच्या फ्रेमला त्याने मावशीचा छोटासा उसासा सरकवला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो भलतीकडेच होता.

मग मावशीला दाखवली. तिने मान तिरकी करून, बरोब्बर कासवासारखी, पूर्ण बघितली. गोगलगाय पळाली तिथे हसली. संपल्यावर चष्मा काढून म्हणाली, “मफलर छान आहे. पण लिफ्टचं मी एवढं बोलले ते कुठे गेलं? महत्त्वाचं तेच होतं.” मित्र म्हणाला, मावशी, दुसरा भाग करू की. तिने तिथल्या तिथे बोलायला सुरुवातही केली, आणि तो रेकॉर्डर आणायला खाली गाडीकडे पळाला.